लिंपलेली भेग

"मामंजी, आज तरी ती थापी खाली ठेवा," सून म्हणाली. दोन्ही हात चौकटीला लावून ती दारातच आडवी उभी राहिली होती. "घरातलं माणूस जाऊन आठच दिवस झाले. लोक भेटायला येतायत. आणि तुम्ही घमेलं डोक्यावर घेऊन निघालात तर ते काय म्हणतील?"

"दूधवाल्याची गव्हाण अर्धी राहिलीय," मिस्तरी म्हणाला. "गाई चारा पायाखाली तुडवतात."

"गाईंची कणव येते तुम्हाला. घरातल्यांची नाही येत?"

ती बाजूला होईपर्यंत मिस्तरी नुसता उभा राहिला, भिंत वाळायची वाट बघतात तसा. शेवटी तीच कंटाळली. डोळ्यांना पदर लावून आत गेली आणि आतून भांडी आदळल्याचा आवाज आला. मिस्तरीनं थापी, गिलावा घासायचा रंधा आणि ओळंबा पिशवीत टाकला आणि तो चालायला लागला.

ऊन चढलं होतं. पावसाळा सरून दोन आठवडे झाले असतील नसतील, पण जमीन अशी तापली होती की वाटेतला चिखल वाळून त्याची खपल्यांसारखी पापडी निघत होती. दोन्ही अंगांना टोमॅटोची रानं लालभडक झाली होती. एरवी या दिवसांत तोडणीवाल्या बायकांच्या गप्पा मैलभर ऐकू जायच्या. आता बायका होत्या, तोडणीही चालू होती, पण मिस्तरी दिसला की त्या गप्प व्हायच्या आणि खाली बघायच्या.

आठ दिवसांपूर्वी, बाजाराच्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला नदीवरचा मोठा पूल मधोमध तुटून खाली गेला. त्या वेळी पुलावर दुधाची गाडी होती, दोन मोटारसायकली होत्या आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोबीच्या पोत्यांवर सात बायका बसल्या होत्या. सगळी मिळून अकरा माणसं गेली. मिस्तरीची बायको ट्रॉलीत मागच्या फळीला टेकून बसली होती. ती तिसऱ्या दिवशी खालच्या वळणावर, बोरूच्या बेटात सापडली. मिस्तरीनंच तिला ओळखलं. ओळखलं, मान हलवली, आणि पोलिसानं पुढं केलेल्या कागदावर सही केली. तेव्हापासून तो रडला नव्हता. लोक म्हणत, धक्का बसलाय, बसू दे बाहेर. पण धक्का बसावा असंही त्याला आत काही सापडत नव्हतं. चहा पोळला तरी कळत नव्हता. लोक समोर बसून रडायचे आणि तो त्यांच्या पाठीमागच्या भिंतीचा गिलावा कुठं सुटलाय ते बघत बसायचा.

दूधवाला गोठ्यात वाट बघत होता. त्याची गाडी आणि गाडीवरचा माणूस, दोन्ही पुलाबरोबर गेलं होतं. त्यामुळं तो मिस्तरीला बरा वाटायचा; समजूत घालायच्या फंदात पडायचा नाही.

"ऐकलंस का?" माल कालवता कालवता तो म्हणाला. "शाळेत साहेब लोक उतरलेत. मुलांचे वर्ग बंद करून चौकशी चाललीय. दुर्बिणी काय, नकाशे काय, टोप्या काय! बैल गेला आणि झोपा केला. गेली सहा वर्षं मी ओरडतोय, गाडी गेली की पूल उड्या मारतो. तेव्हा म्हणाले, दूध घुसळून निघतंय, बरंच आहे की!"

मिस्तरीनं गव्हाणीच्या काठाला ओळंबा लावला.

"कुणी म्हणतं वाळू उपसली म्हणून पडला. कुणी म्हणतं ओझं जास्त झालं. शाळेचे गुरुजी म्हणाले, वय झालं होतं. वय माझंही झालंय, म्हणून मी कुणाच्या अंगावर पडलो का?" दूधवाला एकटाच हसला आणि मग त्याचं हसू मध्येच विझलं. "आता सगळं गाव ओढ्याच्या पुलावरून जातंय. डोंगराला वळसा पडतो, पण दुसरी वाट कुठाय? काल तर दगडांनी भरलेले ट्रक गेले तिकडून. तुझा मुलगाही टोमॅटोचा टेम्पो तिकडूनच नेतोय ना?"

मिस्तरीचा हात थांबला. थापीवरचा माल घसरून त्याच्या पायावर पडला.

"काय रे?"

"काही नाही," मिस्तरी म्हणाला. पण त्यानं थापी परत उचलली नाही.

ओढ्याचा पूल. दगडी कमानीचा, आजोबांच्याही आधीचा. गेल्या वर्षी कुणी बडा पाहुणा या भागातून जाणार होता, तेव्हा ठेकेदारानं मिस्तरीला दोन्ही पुलांचं काम दिलं होतं. गिलावा करायचा आणि वर पांढरा हात मारायचा. काम दोघांनी मिळून केलं, मिस्तरीनं आणि त्याच्या बायकोनं. तीस वर्षं तीच त्याच्या हाताखाली होती. तिनं कालवलेला माल थापीवर उलटा धरला तरी पडायचा नाही.

मोठ्या पुलाच्या मधल्या खांबाला वरपासून खालपर्यंत भेग होती. बायकोनं तिच्यावर सिमेंटची आडवी पट्टी ओढून ठेवली. आठ दिवसांनी दोघांनी बघितलं तर पट्टी मधोमध चिरलेली.

"अहो, ही भेग जागी आहे," ती म्हणाली होती. "झोपलेली असती तर पट्टी शाबूत राहिली असती. हिच्यावर गिलावा म्हणजे तापलेल्या माणसाला पावडर लावण्यासारखं आहे."

मिस्तरीनं ते ठेकेदाराच्या कानावर घातलं. ठेकेदार हसला. "मिस्तरी, तुला गिलाव्याला बोलावलंय, नाडी बघायला नाही."

आणि मिस्तरीनं लिंपलं. तारेची जाळी मारून, दोन बोटं जाड, आरशासारखं गुळगुळीत. लोक म्हणाले, वा, पूल नवा झाला! ओढ्याच्या पुलाचं तर त्याहून वाईट होतं. कमानीच्या माथ्याचा दगड, ज्याच्या जिवावर बाकीचे दगड एकमेकांना धरून असतात, तोच दोन बोटं खाली सरकला होता. मिस्तरीनं फटीत दगडाच्या चिपा ठोकल्या, वर जाळी मारली आणि तेही लिंपलं. बायको त्या दिवशी बोलली नाही. नुसती माल देत राहिली.

मिस्तरीनं हात धुतले नाहीत. तसाच शाळेकडे गेला.

वर्गात मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. साहेब तरुण होता, डोळे तारवटलेले, समोर कागदांचा ढीग. कडेला ठेकेदार बसला होता. त्याच्या हातात चहाचा कप होता आणि तोंडावर सगळ्यांत जास्त दुःख होतं.

"साहेब, ओढ्याचा पूल बंद करा," मिस्तरी म्हणाला.

साहेबानं वर बघितलं. "तुम्ही कोण?"

"मी गवंडी. दोन्ही पुलांचा गिलावा मीच केला."

साहेबानं कागद चाळले. "ओढ्याच्या पुलाची पाहणी परवाच झालीय. हे बघा. 'बाह्य पाहणीत एकही भेग आढळली नाही. पूल सुस्थितीत.'"

"भेग दिसणार कशी? मी लिंपलीय ना."

खोलीत कुणीतरी खोकलं. साहेबानं कपाळ चोळलं. वाईट माणूस नव्हता तो. फक्त आठ दिवस झोपला नव्हता. "काका, तुमचं म्हणणं लेखी द्या. तपासणीचं पथक मागवतो. पुढच्या आठवड्यात येईल. हाही रस्ता आज बंद केला तर गावात औषधसुद्धा पोचणार नाही, कळतंय का?"

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत जड वाहनं हळू न्यावीत, असा फलक लावू."

बाहेर आल्यावर ठेकेदारानं त्याचा दंड धरला आणि कडुनिंबाखाली नेलं. "मिस्तरी, तुझ्यावर आभाळ कोसळलंय, म्हणून शांतपणे सांगतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू तोंड उघडलंस तर पहिला कोण अडकेल? हात कुणाचा फिरलाय त्या खांबावर? माझा? मी तर घमेलंसुद्धा उचललं नाही. चोर सुटतो आणि संन्यासी फासावर जातो, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मिस्तरी म्हणाला.

"मग?"

या माणसाची आपल्याला भीती वाटायला हवी, हे मिस्तरीला कळत होतं. निदान राग तरी यायला हवा. त्यानं आत चाचपून बघितलं. काहीच नव्हतं. रिकाम्या पिंपात हात घालावा तसं.

संध्याकाळी मुलगा टेम्पो घेऊन आला. मिस्तरी अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "उद्यापासून ओढ्यावरून जायचं नाही."

मुलानं इंजिन बंद केलं. त्याचा चेहरा धुळीनं भरला होता. "आणि टोमॅटो काय डोक्यावरून नेऊ? आबा, रान पिकून फुटायला आलंय. आज नाही गेलं तर उद्या शेणाच्या उकिरड्यावर जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे?" मुलाचा आवाज चढला. "आई गेली म्हणून जगातले सगळे पूल पडणार आहेत का? तुम्ही एक अश्रू गाळला नाहीत, आणि आता मला पुलाची भीती घालताय?"

सून चुलीपाशी होती. ती म्हणाली, "अहो, हळू बोला."

"काय हळू? हे भिंतीशी बोलतात, गव्हाणीशी बोलतात. आपल्याशी चार शब्द बोललेत का आठ दिवसांत?"

मिस्तरीला सांगायचं होतं की त्या कमानीच्या माथ्याचा दगड सरकलाय आणि तो मी झाकलाय, तुझ्या आईच्या डोळ्यांदेखत झाकलाय. पण तोंड उघडलं आणि शब्द आले ते एवढेच, "माल चांगला होता. तिचा हात चांगला होता." मुलानं कपाळावर हात मारला आणि तो आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा टेम्पो भरायला रानात गेला, तेव्हा मिस्तरीनं घराच्या मागची लांब शिडी काढली. छन्नी, मोठा हातोडा आणि पक्कड पिशवीत घातली. शिडी एकट्याला पेलत नव्हती. एक टोक खांद्यावर, दुसरं जमिनीवर घासत, फुफाट्यात रेघ ओढत तो चालला. शंभर पावलं गेला असेल, तोच मागचं टोक हलकं झालं. वळून बघितलं तर सुनेनं ते उचललं होतं.

"कुठं न्यायचीय?"

"ओढ्यावर. काल साहेबाला सांगितलं. त्याला भेग दिसत नाही. दाखवतो."

ती क्षणभर थांबली. ते अर्धं एकर टोमॅटो तिनं लावले होते. पावसानं ओढ दिली तेव्हा पाण्याच्या कळशा वाहून तिनंच जगवले होते. पूल बंद झाला तर काय होईल, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"खरंच आहे का भेग?" तिनं विचारलं.

"मी लिंपलीय, पोरी. मला माहीत नाही तर कुणाला?"

शिडीचं टोक तिनं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि दोघं चालायला लागले.

ओढ्याला गुडघाभर पाणी होतं, पण दोन्ही काठ उभे कापल्यासारखे. गाडी उतरणं शक्यच नव्हतं. वर पुलावर वाहनांची रीघ लागली होती. एक पोलीस शिट्टी वाजवत एका वेळी एक बाजू सोडत होता. दोघांनी कमानीखाली शिडी लावली. पुलाचं पोट पांढरं शुभ्र होतं, एखाद्या नव्या घरासारखं. मिस्तरी वर चढला आणि त्यानं हातोड्याच्या दांड्यानं ठोकून बघितलं. भद्द. पुढं ठोकलं. भद्द. गिलावा दगडाला सोडून नुसता जाळीवर लटकत होता.

"तू लांब उभी राहा," तो खाली बघून म्हणाला.

"मग शिडी कोण धरेल? पाण्यातला मासा?"

त्यानं छन्नी लावली. स्वतःचंच काम फोडताना हाताला फार वेळ लागला. त्यानं ते पक्कं केलं होतं. वरून ट्रक गेला की धूळ त्याच्या डोळ्यांत यायची. पहिला तुकडा निघाला, ओढ्यात पडला. दुसरा निघाला. मग पकडीनं तो जाळी कापायला लागला.

"ए! ए म्हाताऱ्या!" पोलीस कठड्यावरून वाकून ओरडला. "काय करतोस? उतर खाली! सरकारी पूल आहे तो!"

मिस्तरी कापत राहिला. पोलीस शिव्या देत काठावरून घसरत, धडपडत खाली आला. पाण्यात बूट भिजले. त्यानं शिडीला हात घातला तेवढ्यात जाळीचा शेवटचा धागा तुटला आणि घोंगडीएवढा गिलावा एका झटक्यात खाली आला. सून मागं उडी मारून वाचली. पाणी तिघांच्या अंगावर उडालं.

मग सगळ्यांनी वर बघितलं.

माथ्याचा दगड चांगला चार बोटं खाली लोंबत होता. चिपा गळून गेल्या होत्या. दोन्ही अंगांना एवढी फट होती की तिच्यातून वरच्या भरावाची माती सुटून झिरपत होती.

"चढा," मिस्तरी खाली उतरत म्हणाला. "हात घाला."

पोलिसाला घालायचा नव्हता. पण बाई बघत होती, म्हणून तो चढला. त्यानं फटीत हात घातला, मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. त्याच वेळी वरून कुणाचीतरी भरलेली गाडी गेली. पोलिसाचा चेहरा बघता बघता पांढरा झाला. त्यानं विस्तवातून काढावा तसा हात बाहेर ओढला. "हलला," तो म्हणाला. "दगड हलला."

तो शिडीवरून उतरला नाही, पडलाच. आणि तसाच धावत काठ चढून गेला. शिट्टीचा आवाज आला, एकदा नाही, सारखा. पुलावरची शेवटची मोटारसायकल पलीकडे गेली आणि नंतर पूल रिकामा झाला. रांगेत तिसरा टेम्पो मिस्तरीच्या मुलाचा होता.

माणसं काठावर जमली. आधी सगळ्यांनी वाकून भेग बघितली, आणि मग सगळे मिस्तरीकडे बघायला लागले.

"आणखी आठ दिवस थांबला असतास तर माल तरी निघाला असता!" एक शेतकरी ओरडला.

"दुष्काळात तेरावा महिना काढलास रे!"

ट्रॅक्टरवाल्याची विधवा गर्दीत होती. ती पुढं आली. तिचा आवाज मोठा नव्हता. "मिस्तरी, मोठ्या पुलालाही असंच होतं का? आत?"

"होतं," मिस्तरी म्हणाला.

"आणि तू लिंपलंस?"

"लिंपलं."

तिनं मारलं असतं तर त्याला चाललं असतं. ती नुसती वळली आणि चालायला लागली. तिला वाट द्यायला गर्दी दोन्हीकडे सरकली.

मुलगा टेम्पोतून उतरून खाली आला होता. कमानीखाली मान वर करून तो बराच वेळ उभा राहिला. मग वर गेला, टेम्पोचा फाळका उघडला आणि त्यानं एक क्रेट खांद्यावर घेतलं. काठ उतरला, पाण्यातून पलीकडे गेला, क्रेट ठेवलं, परत आला. चौथ्या खेपेला सून पाण्यात उभी राहिली आणि दोघांच्या मधे मिस्तरी. क्रेट हातातून हातात जायला लागली. नंतर दूधवाला आला, आणखी दोघे आले. दिवस मावळेपर्यंत निम्मा माल पलीकडे गेला. निम्मा राहिला. पुढच्या चार दिवसांत रानात टोमॅटो फुटून असा वास सुटला की वाटेनं जाणारा नाकाला फडकं लावायचा. सुनेनं ते दूधवाल्याच्या गाईंना घातले, आणि गाई कंटाळल्या तेव्हा नुसते मातीत नांगरून टाकले.

पथक आलं. पूल कायमचा बंद झाला. आता वाहनं वरच्या धरणाकडून नव्यानं काढलेल्या कच्च्या वाटेनं जातात, त्यात अर्धा दिवस मोडतो. आणि ओढ्याचा पूल अजून उभाच आहे. वरून काही जात नाही, म्हणून पडतही नाही. बाजाराला निघालेला माणूस पाण्यातून ओझं नेताना वर बघतो आणि म्हणतो, "एवढा बोंबलला मिस्तरी, पडला का?" जो पूल पडलाच नाही, त्यातून किती माणसं वाचली ते कोण मोजणार? मिस्तरीला कुणी शिव्या दिल्या तर तो ऐकून घेतो आणि आपल्या वाटेनं जातो.

महिन्याभरानं त्याला जबाबाला बोलावलं. आरोपींच्या यादीत त्याचं नाव पहिलं होतं, ठेकेदाराचं चौथं. ठेकेदाराच्या बाजूनं वकील आला होता. मिस्तरीबरोबर मुलगा आला होता. तो दारापाशी उभा राहिला. कारकून टेबलाशी बसून छापील कागद भरत होता. वय, धंदा, काम केल्याची तारीख. मिस्तरीनं सगळं नीट सांगितलं. भेग कुठं होती, केवढी होती, ठेकेदार काय म्हणाला, जाळी कशी मारली.

"तुमच्याबरोबर कामावर कोण होतं?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"बायको."

"भेग तिनं पाहिली होती?"

"आधी तिनंच पाहिली."

"मग तिचा जबाब लागेल. महत्त्वाची साक्ष आहे. सोमवारी घेऊन या."

दारातून मुलगा एक पाऊल पुढं आला. मिस्तरीनं हात वर करून त्याला थांबवलं.

"ती येणार नाही," तो म्हणाला.

"येणार नाही म्हणजे? समन्स काढावं लागेल."

"ती त्या दिवशी पुलावर होती. ट्रॉलीत."

कारकुनाचं पेन थांबलं. त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. पंखा फिरत होता, कागदाचा कोपरा फडफडत होता, आणि त्यावर ठेवायला कारकुनाला काही सापडत नव्हतं. शेवटी त्यानं तळव्यानं कागद दाबून धरला. छापील रकाना रिकामा सोडायची पद्धत नव्हती. त्यानं थोडा विचार केला आणि लिहिलं : साक्षीदार गैरहजर.

मग त्यानं कागद फिरवून मिस्तरीपुढं ठेवला. मिस्तरीनं ते एकदा वाचलं, कारकुनानं बोट ठेवलं होतं तिथं बघितलं, आणि खाली सही केली.